आधी किडनी की आधी झडप?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण फिजिशियनकडे ३८ वर्षांचा रुग्ण आहे. त्याची एऑर्टिक झडप जन्मतःच दोन पाकळ्यांची. तीन आठवडे ताप आणि गावात मिळतील ती इंजेक्शनं घेऊन झाल्यावर तो दाखल झाला. रक्ताच्या कल्चरमध्ये एंटरोकोकस फीकॅलिस आला, इकोमध्ये झडपेवर १३ मिलिमीटरचं व्हेजिटेशन (जंतूंचा चिकटलेला गोळा) दिसलं, झडप जोरात गळते आहे. अँपिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू करून नऊ दिवस झाले. ताप उतरला, पण क्रिएटिनिन (किडनी कमी गाळू लागली की रक्तात वाढतं ते) १.० वरून ३.४ वर गेलं. लघवी दिवसाला दीड लिटर होते, तिच्यात लाल पेशी आणि थोडी प्रथिनं आहेत, सी-३ हे रक्तातलं रोगप्रतिकाराचं प्रथिन कमी आहे. रक्तदाब ११०/४०, मानेच्या शिरा फुगलेल्या. गेले दोन दिवस आडवं झोपलं की धाप लागते. सर्जन म्हणतात, ‘लगेच पाठवा.’ नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतात, ‘क्रिएटिनिन खाली येऊ द्या, नाहीतर ऑपरेशननंतर डायलिसिसच लागेल.’ घरचे विचारतात, आयुष्यभर डायलिसिस लागणार का? आणि तुम्ही, म्हणजे तो फिजिशियन, मला विचारता, ऐकायचं कुणाचं?

आधी उत्तर, मग कारणं. तुम्ही दिलेल्या माहितीवरून या रुग्णाला झडपेच्या ऑपरेशनसाठी पाठवायला हवं, तेही एक-दोन दिवसांत. आडवं होता येत नाही याचा अर्थ हृदय थकायला लागलं आहे. क्रिएटिनिन ३.४ असणं हे ऑपरेशन थांबवण्याचं कारण होत नाही. पण नेफ्रॉलॉजिस्टचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असंही नाही. हाच ३.४ चा आकडा दुसऱ्या रुग्णात असता तर मीही आठवडाभर थांबा म्हटलं असतं. आकडा का वाढला, यावर सगळं ठरतं. झडपेच्या संसर्गात (एंडोकार्डायटिसमध्ये) किडनी बिघडण्याची निदान पाच कारणं असतात आणि त्यातली दोन-तीन एकाच रुग्णात हातात हात घालून येतात. काही कारणं थांबलं तर बरी होतात, काही थांबलं तर वाढतात.

म्हणून पहिलं काम लघवीचं. लॅबच्या छापील रिपोर्टवर भागवू नका. ताजी लघवी, शक्यतो तासाभराच्या आतली, १० मिली घ्या. पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी ओतून टाका, तळाचा अर्धा मिली ढवळून काचपट्टीवर घ्या आणि स्वतः मायक्रोस्कोपखाली बघा. लाल पेशींचे कास्ट (किडनीच्या नलिकेत बनलेले साचे) किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या लाल पेशी दिसल्या तर ग्लोमेरुलसला, म्हणजे किडनीच्या गाळणीला, सूज आहे. मातकट तपकिरी, दाणेदार कास्ट दिसले तर नलिकेच्या पेशी मेल्या आहेत: जेंटामायसिन, व्हँकोमायसिन, किंवा रक्तपुरवठा कमी पडणं. पांढऱ्या पेशी आणि त्यांचे कास्ट असतील आणि लघवीचं कल्चर निगेटिव्ह असेल तर औषधाची ॲलर्जिक सूज, म्हणजे इंटरस्टिशियल नेफ्रायटिस. तळाशी काहीच नाही, लघवीत सोडियमही नगण्य, असं असेल तर किडनी तशी शाबूत आहे, तिला रक्त पोचत नाही एवढंच. या दहा मिनिटांच्या कामातून जे कळतं ते पुष्कळदा हजारो रुपयांच्या तपासण्यांतून कळत नाही.

आता तुमच्या रुग्णातलं एकेक कारण.

जेंटामायसिन. साधारण पाचव्या ते सातव्या दिवसानंतर क्रिएटिनिन चढायला लागतं आणि लघवी मात्र भरपूर होत राहते. त्यामुळे चार्टवर दीड लिटर बघून सगळे निर्धास्त राहतात. तुमच्या रुग्णाचा हाच नमुना आहे. औषध नलिकेच्या पेशींत साठून बसतं, म्हणून बंद केल्यावरही काही दिवस क्रिएटिनिन वाढत राहू शकतं. त्याला ‘उपचार लागू पडत नाही’ असं समजू नका. सावरायला दोन-तीन आठवडे लागतात. सोबत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे जातं, ते मोजा. हृदयाची लय बिघडण्याचं ते एक दुर्लक्षित कारण आहे. रुग्ण ‘चालताना तोल जातो’ म्हणाला तर कानाच्या आतल्या भागालाही इजा झाली असं धरून चाला, आणि ती किडनीसारखी भरून येत नाही.

हे औषध आजच बंद करा. फीकॅलिससाठी पर्याय आहे: अँपिसिलिनसोबत सेफ्ट्रायॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी, एकूण सहा आठवडे. सेफ्ट्रायॅक्सोन एकटं या जंतूवर चालत नाही, पण अँपिसिलिनबरोबर दोघं मिळून त्याच्या भिंतीवरच्या वेगवेगळ्या जागा बंद करतात, आणि किडनीला जेंटामायसिनसारखी इजा करत नाहीत. कल्चर रिपोर्टवर फीकॅलिसऐवजी त्याचा भाऊबंद फीशियम असतं तर मात्र ही जोडी उपयोगाची नव्हती. तेवढं एकदा रिपोर्ट हातात घेऊन वाचा.

ग्लोमेरुलसची सूज. सी-३ कमी आणि लघवीत लाल पेशी, म्हणजे जंतूंविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंडांचे गोळे किडनीच्या गाळण्यांत अडकले असण्याची शक्यता मोठी आहे. इथे एक सापळा असतो. कुणीतरी हौसेने ॲन्का (व्हॅस्क्युलायटिसमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सुजेत, दिसणारं प्रतिपिंड) तपासायला पाठवतो आणि तो पॉझिटिव्ह येतो. एंडोकार्डायटिसमध्ये असं होणं दुर्मीळ नाही, बहुधा पीआर-३ प्रकारचा येतो. मग ताप, वाढलेलं क्रिएटिनिन, ॲन्का पॉझिटिव्ह, बायोप्सीत क्रेसेंट (गाळणीतल्या चंद्रकोरीसारख्या खुणा), असं सगळं जुळल्यासारखं दिसतं, व्हॅस्क्युलायटिसचं निदान होतं आणि स्टेरॉईडचे मोठे डोस किंवा सायक्लोफॉस्फामाईड सुरू होतं. झडपेवर जिवंत जंतू असताना हे म्हणजे आगीत तेल. म्हणून ॲन्का पॉझिटिव्ह आला तरी सी-३ बघा, कल्चर बघा, इको बघा. नुसत्या ॲन्का व्हॅस्क्युलायटिसमध्ये सी-३ सहसा कमी होत नाही. या सुजेचा खरा उपचार म्हणजे जंतूंचा साठा संपवणं. आणि तो साठा अँटिबायोटिकने संपत नसेल तर सर्जनच्या हातूनच संपतो. म्हणजे या कारणासाठी ऑपरेशन लांबवणं हे किडनीच्याच विरोधात जातं.

तिसरं कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित: किडनीतून रक्त पुढे सरकवणारा दाब. साधं गणित करा. ११०/४० म्हणजे सरासरी दाब सुमारे ६३. मानेच्या शिरा फुगलेल्या आहेत, म्हणजे शिरांमधला दाब समजा १८. किडनीला मिळतो तो यांतला फरक, ४५. निरोगी माणसात हाच फरक ८५ च्या आसपास असतो. वरचा ११० चा आकडा बघून ‘बीपी चांगलं आहे’ असं नर्सिंग चार्टवर लिहिलं जातं, पण गळक्या एऑर्टिक झडपेत खालचा आकडाच खरी गोष्ट सांगतो. हे दुरुस्त करणारं औषध नाही. झडप बसवली की खालचा आकडा त्याच दिवशी वर येतो.

व्हेजिटेशनचा तुकडा किडनीच्या धमनीत जाऊन बसणं हे चौथं. कुशीत अचानक दुखणं, लघवीतून रक्त, रक्तातलं एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं) खूप वाढलेलं, असं असेल तर संशय घ्या. एका किडनीच्या छोट्या भागाचा रक्तपुरवठा तुटून क्रिएटिनिन तिप्पट होत नाही, तेव्हा तुमच्या रुग्णात हे मुख्य कारण नसावं. पण तुकडा सुटल्याचा पुरावा सापडला आणि झडपेवर अजून १० मिलिमीटर किंवा जास्त शिल्लक असेल, तर ऑपरेशनची निकड आणखी वाढते. पाचवं, म्हणजे इंटरस्टिशियल नेफ्रायटिस, क्लॉक्सासिलिन, रिफॅम्पिसिन, अँपिसिलिन, अगदी पँटोप्राझोलनेसुद्धा होतो. अंगावर पुरळ आणि पुन्हा चढलेला ताप दिसला तर तो आठवा. आणि एक सहावं, जे पुस्तकात वेगळं लिहिलेलं नसतं: गावात तापासाठी घेतलेली डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं. स्पष्ट विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ‘अंगदुखीसाठी कमरेत सुई घेतली होती का?’ असं विचारा.

तर तुमच्या रुग्णात माझ्या अंदाजाने तीन कारणं एकत्र आहेत: जेंटामायसिन, ग्लोमेरुलसची सूज आणि गळक्या झडपेमुळे कमी पडलेला दाब. पहिलं आज बंद करून सुटेल. उरलेली दोन्ही झडपेला लटकलेली आहेत. क्रिएटिनिन खाली येण्याची वाट बघत बसलात तर ते खाली येण्यासाठी जे व्हायला हवं तेच तुम्ही पुढे ढकलत असता.

थांबावं कधी? हृदय व्यवस्थित आहे, धाप नाही, कल्चर निगेटिव्ह झालं आहे, झडपेच्या मुळाशी गळू नाही, तुकडा सुटलेला नाही, आणि क्रिएटिनिन स्पष्टपणे औषधाने किंवा कॉन्ट्रास्टने (सीटी, अँजिओग्राफीसाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रवाने) वाढलं आहे, अशा रुग्णाला पाच ते दहा दिवस देण्यात शहाणपण आहे. रोज क्रिएटिनिन, रोज ईसीजी, दर दोन-तीन दिवसांनी इको करत थांबायचं. ईसीजी कशासाठी? पीआर इंटरव्हल (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्यांत विद्युतसंदेश पोचायचा वेळ) १६० मिलिसेकंदांवरून २२० वर गेला तर एऑर्टिक झडपेच्या मुळाशी गळू विद्युतवाहिनीपर्यंत पोचलं असं समजायचं, आणि थांबण्याचा करार तिथेच संपतो. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शनात ‘तातडीचं’ म्हणजे तीन ते पाच दिवसांत आणि ‘अतितातडीचं’ म्हणजे २४ तासांत, अशी विभागणी आहे. तुमचा रुग्ण आज पहिल्या गटात आहे. फुफ्फुसात पाणी भरलं किंवा रक्तदाब कोसळला की तो दुसऱ्या गटात जाईल, आणि त्या गटात गेल्यावर किडनी वाचवणं फार अवघड होऊन बसतं.

जोखमीच्या आकड्यांबद्दल जाता जाता. सर्जन युरोस्कोर-२, म्हणजे ऑपरेशनमध्ये मृत्यूची शक्यता सांगणारा टक्का, काढतील. त्यात क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली गाळते याचा अंदाज, कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने घेतात. हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर असेल तरच खरं. ते रोज चढत असताना खरी गाळणी सूत्राने सांगितलेल्यापेक्षा बरीच कमी असते. गंमत म्हणजे याच स्कोरमध्ये डायलिसिसवर असलेल्या रुग्णाचा भार, क्लिअरन्स ५० च्या खाली असून डायलिसिसवर नसलेल्यापेक्षा कमी धरला आहे. तेव्हा तो टक्का नातेवाइकांना सांगताना देववाणीसारखा सांगू नका.

आता रुग्ण तुमच्याकडे आहे तोवरच्या २४ ते ४८ तासांत काय करायचं.

अँपिसिलिनचा डोस घाबरून कमी करू नका. नेहमीचा डोस २ ग्रॅम दर ४ तासांनी. क्रिएटिनिन वाढलं की पहिल्याच दिवशी निम्मा करायची सवय असते, आणि त्या दोन दिवसांत जंतूंना मोकळं रान मिळतं. पहिले ४८ तास पूर्ण डोस ठेवा. त्यानंतरही गाळणी खरोखर ३० च्या खाली राहिली तर दर ६ ते ८ तासांनी करा. रुग्णाचे हातपाय झटके देऊ लागले किंवा तो असंबद्ध बोलू लागला तर डोस जास्त होतो आहे हे लक्षात घ्या. सेफ्ट्रायॅक्सोनला किडनीसाठी बदल लागत नाही, फक्त रिंगर लॅक्टेटच्या नळीतून देऊ नका, त्यातल्या कॅल्शियमबरोबर त्याचा साका होतो.

अँटिबायोटिकच्या बाटल्या मोजा. दिवसाला सहा डोस अँपिसिलिनचे, दोन सेफ्ट्रायॅक्सोनचे, प्रत्येक १०० मिली सलाईनमध्ये, म्हणजे ८०० मिली सलाईन, आणि ते इनपुट चार्टवर पुष्कळदा लिहिलंच जात नाही. शिवाय अँपिसिलिनमध्ये स्वतःचं सोडियम असतं, १२ ग्रॅममध्ये सुमारे ३५ मिलिइक्विव्हॅलंट. हृदय दमलेल्या माणसाला हे पाणी बुडवायला पुरेसं आहे. ५० मिलीमध्ये द्या. डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचा मोह टाळा, अँपिसिलिन त्यात फार काळ टिकत नाही. याच हिशेबातली आणखी एक गोष्ट, दुसऱ्या रुग्णांसाठी: पेनिसिलिन-जीचा पोटॅशियम क्षार वापरत असाल तर दिवसाच्या २ कोटी ४० लाख युनिटमध्ये सुमारे ४० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम जातं. किडनी बंद पडत असलेल्या माणसाला हे कुणी मुद्दाम देणार नाही, पण बाटलीवरची बारीक अक्षरं न वाचता दिलं जातं.

मानेच्या शिरा फुगल्या आहेत, धाप आहे, म्हणजे लघवी वाढवणारं फ्युरोसेमाईड (लॅसिक्स) द्यायचंच. ‘क्रिएटिनिन वाढलंय, लॅसिक्स बंद करा’ ही सूचना इथे उलटी पडते. आधी कधी घेतलं नसेल तर १ मिलिग्रॅम प्रतिकिलो, घेत असेल तर दीड मिलिग्रॅम प्रतिकिलो, एकदम शिरेतून द्या आणि पुढच्या दोन तासांतली लघवी मोजा. २०० मिलीपेक्षा कमी झाली तर किडनीची इजा पुढे सरकण्याची शक्यता जास्त, आणि ऑपरेशनच्या आसपास डायलिसिसची तयारी ठेवावी लागेल. एकाच इंजेक्शनात उपचार आणि अंदाज दोन्ही होतात. मात्र रुग्ण खरंच कोरडा असेल तर ही चाचणी करायची नसते.

रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा. नाडी ११० आहे म्हणून मेटोप्रोलॉल देऊ नका. जोरात गळणाऱ्या एऑर्टिक झडपेत नाडी जलद असणं हाच शरीराचा बचाव असतो. ठोके मंदावले की मधला काळ लांबतो, जास्त रक्त मागे येतं आणि किडनीचा दाब आणखी घसरतो. इंट्रा-एऑर्टिक बलून याच कारणाने इथे वर्ज्य आहे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. केटोरोलॅक, डायक्लोफिनॅक वॉर्डच्या ट्रेमधूनच काढून ठेवा. गुठळी होऊ नये म्हणून एनोक्सापॅरिन सुरू असेल तर क्लिअरन्स ३० च्या खाली ते साठत जातं. काहीतरी द्यायचंच असेल तर साधं हेपारिन द्या, आणि तेही मेंदूचं सीटी बघितल्यावर.

कॉन्ट्रास्टबद्दल. ३८ वर्षांच्या, धूम्रपान आणि मधुमेह नसलेल्या पुरुषाला ऑपरेशनपूर्वी अँजिओग्राफी लागतेच असं नाही. चाळिशीच्या पुढे किंवा धोक्याची कारणं असतील तर कोरोनरी बघाव्या लागतात. एऑर्टिक झडपेवर व्हेजिटेशन लोंबत असेल तर तिथे कॅथेटर फिरवण्यापेक्षा सीटी कोरोनरी अँजिओग्राफी बरी, पण त्यालाही साठ-ऐंशी मिली कॉन्ट्रास्ट लागतो. तो जरूर असेल तेव्हाच द्या आणि ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी देऊ नका, एक-दोन दिवसांचं अंतर ठेवा. कॉन्ट्रास्टपासून किडनी वाचवायला दिल्या जाणाऱ्या ॲसिटिलसिस्टिनच्या पुड्यांचा उपयोग होत नाही हे २०१८ च्या प्रिझर्व्ह चाचणीने दाखवलं. तरी त्या लिहिल्या जातात. मेंदूचं सीटी मात्र प्रत्येकाचं करा, ते कॉन्ट्रास्टशिवाय होतं. मेंदूत मोठा रक्तस्राव निघाला तर ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या पंपावर द्यावं लागणारं, रक्त पातळ करणारं हेपारिन धोक्याचं ठरतं आणि ऑपरेशन शक्य असल्यास महिनाभर पुढे ढकलावं लागतं.

ऑपरेशनपूर्वी डायलिसिस? क्रिएटिनिनचा आकडा सुंदर करण्यासाठी नाही. पोटॅशियम ६ च्या वर आणि औषधांनी उतरत नाही, रक्त फार आम्लधर्मी झालं आहे, फुफ्फुसात पाणी आहे आणि लघवीचं इंजेक्शन लागू पडत नाही, यांपैकी काही असेल तर एक सत्र द्यायचं. चार तासांच्या नेहमीच्या डायलिसिसऐवजी सहा ते आठ तासांचं संथ एसएलईडी, हेपारिनशिवाय. गळक्या झडपेचा रुग्ण जलद डायलिसिसवर खालचा दाब गमावतो आणि तीन तासांत उरलीसुरली किडनीही गारद होते. कॅथेटर मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेत किंवा जांघेत, तात्पुरता. गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेत नको, ती पुढे आकसते. रक्तात जंतू असताना टनेल केलेला (त्वचेखालून नेलेला, जास्त दिवसांचा) कॅथेटर घालायचा नाही. आणि सहा आठवड्यांच्या इंजेक्शनांसाठी दंडात पिक लाईन (शिरेतून हृदयाजवळ जाणारी लांब नळी) घालण्यापूर्वी थांबा. ही किडनी परत आली नाही तर डायलिसिसची फिस्चुला (शीर आणि धमनी यांची जोड) करायला त्याच दंडातल्या शिरा लागणार आहेत. हाताच्या पाठीवरच्या शिरा वापरा.

पाठवताना चिठ्ठीत काय लिहायचं, हे बारीक वाटतं पण पुढच्या टीमचे दोन दिवस वाचवतं. दाखल झाल्यापासून प्रत्येक दिवसाचं क्रिएटिनिन, नुसतं शेवटचं नव्हे. जेंटामायसिनचा पहिला आणि शेवटचा डोस, तारखेसह. कल्चर कोणत्या दिवशी पॉझिटिव्ह आणि कोणत्या दिवशी पहिलं निगेटिव्ह. कॉन्ट्रास्ट दिला असेल तर किती मिली, कधी. रोजचं वजन. लघवीत तुम्ही मायक्रोस्कोपखाली काय पाहिलं. खर्चाचा प्रश्न असेल तर ज्या रुग्णालयात पाठवता ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते आधी विचारा, आणि नातेवाइकांना पोचल्या दिवशीच तिथल्या आरोग्यमित्राला भेटायला सांगा, रेशन कार्ड आणि आधार बरोबर द्या. मंजुरीच्या कागदात अडकून तातडीचं ऑपरेशन शिळं होतं.

ऑपरेशन थिएटरमधलं तुमच्या हातात नाही, पण तिथे किडनीचं काय होतं हे माहीत असलेलं बरं. हृदय-फुफ्फुस यंत्रावर रक्त पातळ होतं. किडनीला किती ऑक्सिजन पोचतो हे प्रवाह आणि हिमोग्लोबिन मिळून ठरतं. २.४ लिटर प्रति चौरस मीटर प्रवाह आणि हिमोग्लोबिन ७ असेल तर दर मिनिटाला चौरस मीटरमागे साधारण २२५ मिली ऑक्सिजन पोचतो; किडनीसाठी २८० च्या वर ठेवायचा प्रयत्न असतो. हिमोग्लोबिन ८ आणि प्रवाह २.७ केला की आकडा २८९ वर जातो. म्हणून संसर्गाने हिमोग्लोबिन ७.५ वर आलेल्या माणसाला तसंच पंपावर घेणं किडनीला महागात पडतं, आणि पंप चालवणाऱ्या परफ्युजनिस्टशी आधी बोलणं फायद्याचं. पोटॅशियम चढलं तर पंपाच्या सर्किटमध्येच हिमोफिल्टर जोडून उतरवता येतं, तेव्हा ‘पोटॅशियम ५.६ आहे, केस रद्द’ असं करायची गरज नसते. भूलतज्ज्ञांनी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा डोस किडनीनुसार कमी करायला हवा, नाहीतर ऑपरेशननंतर फिट येतात आणि सगळे मेंदूत गुठळी शोधत बसतात. सायटोकाईन (सूज वाढवणारी रक्तातली द्रव्यं) शोषणाऱ्या महागड्या काडतुसाबद्दल नातेवाइकांना कुणी विचारलं तर हे सांगा: एंडोकार्डायटिसच्या ऑपरेशनमध्येच ते वापरून पाहिलेल्या जर्मनीतल्या रिमूव्ह चाचणीत, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, अवयवांच्या बिघाडात फरक पडला नाही. ते पैसे पुढच्या औषधांना राहू द्या.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन दिवसांत क्रिएटिनिन फसवतं. पंपावरून उतरताना अंगात चार-पाच लिटर पाणी जास्त असतं, त्यात क्रिएटिनिनही पातळ होतं. ३.४ चं २.८ झालं म्हणून पेढे वाटू नयेत. तासागणिक लघवी आणि वजन बघावं. लघवी अचानक आटली, शिरांचा दाब वर गेला आणि छातीतल्या नळीतून येणारं रक्तही एकाएकी थांबलं, तर फ्युरोसेमाईड देण्याआधी इको करायचा. हृदयाभोवती साचलेलं रक्त किडनीची तक्रार बनून समोर येतं. लघवी गडद झाली आणि एलडीएच चढलं तर नव्या झडपेच्या कडेने गळती होऊन लाल पेशी फुटत नाहीत ना ते बघायचं. हृदयाला जोर द्यायला मिलरिनोन वापरत असतील तर ते किडनीवाटेच बाहेर पडतं, साठून दाब पाडतं. म्हणून अशा रुग्णात बहुतेक जण डोब्युटामिन किंवा नॉरॲड्रेनॅलिनकडे वळतात.

डायलिसिस लवकर सुरू करून फायदा होतो का, याचं उत्तर २०२० च्या स्टार्ट-एकेआय चाचणीत मिळालं. ती सगळ्या आयसीयू रुग्णांवर होती. घाईने सुरू केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाचलेल्यांत ९० दिवसांनी डायलिसिसवर राहिलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून पोटॅशियम, आम्लता, पाणी किंवा युरेमियाची (रक्तात टाकाऊ द्रव्यं साठल्याची) लक्षणं यांपैकी काही भाग पाडत नाही तोवर थांबणं योग्य. फक्त पाण्याबाबत हृदयाच्या रुग्णात थोडं आधी हलावं लागतं.

अँटिबायोटिकचे सहा आठवडे ऑपरेशनच्या तारखेपासून मोजायचे नाहीत. परिणामकारक औषधावर पहिलं कल्चर निगेटिव्ह आलं त्या दिवसापासून मोजायचे. काढलेल्या झडपेच्या कल्चरमध्ये जंतू उगवले तर मात्र घड्याळ पुन्हा शून्यावर. आणि जेंटामायसिन ‘आता झडप नवी आहे, दोन आठवडे देऊया’ म्हणून परत येतं, त्याला दारातच अडवा.

राहिला घरच्यांचा प्रश्न. जेंटामायसिनची इजा आणि कमी दाबाची इजा बहुतेकदा भरून येते, काही आठवड्यांत. ग्लोमेरुलसच्या सुजेचं सांगणं कठीण. जंतू संपल्यावर ती पुष्कळांत महिन्यांच्या गतीने शमते, काहींत व्रण ठेवून जाते. त्यांना असं सांगा की डायलिसिस लागलं तर ते पूल म्हणून लागेल, आणि तो पूल किती लांब असेल ते आज सांगता येणार नाही. बायोप्सी आत्ता नको. संसर्ग आटोक्यात येऊन तीन-चार आठवड्यांनीही क्रिएटिनिन उतरत नसेल किंवा लघवीतून रक्त आणि प्रथिनं वाढतच असतील, तेव्हा करायची, आणि तीही रक्त पातळ करणारी औषधं सांभाळून. स्टेरॉईडचा विचार आलाच तर त्या टप्प्यावर, कल्चर निगेटिव्ह असताना, नेफ्रॉलॉजिस्ट आणि संसर्गतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवलेला असावा. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण आणि सी-३ पुन्हा करा. सी-३ तोवर पूर्ववत झालं नसेल तर कुठेतरी जंतू शिल्लक आहेत का, हे पुन्हा इको आणि कल्चरपासून बघायचं.